इंटेल घेऊ की एएमडी? ठाण्यातल्या गिऱ्हाइकांचे नेहमीचे प्रश्न

नौपाड्यात मी एकवीस वर्षं कॉम्प्युटर जुळवून देते आहे. गोखले रोडवरून आत वळलेलं गिऱ्हाईक पायरी चढता चढताच विचारतं, “ताई, इंटेल घेऊ की एएमडी?” या दोन्ही प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, बनवणाऱ्या कंपन्या. गर्दीच्या वेळी नीट उत्तर देता येत नाही, अर्धवट दिलं तर मलाच चैन पडत नाही. म्हणून सवडीने इथे लिहून ठेवलं आहे. किमती मुद्दाम दिल्या नाहीत, त्या आठवड्या-आठवड्याला हलतात.

एका वाक्यात सांगा, कोणता घेऊ?

काम आणि बजेट सांगा. त्या आठवड्यात त्या पैशात जो उजवा ठरेल तो. गेल्या महिन्यात शेजाऱ्याला मी एएमडी सुचवला असेल आणि तुम्हाला इंटेल सुचवला, तर भाव फिरलेला असतो एवढाच त्याचा अर्थ. ‘आमच्या घरात पहिल्यापासून हीच कंपनी’ हे सोनाराच्या बाबतीत ठीक आहे. प्रोसेसरच्या बाबतीत अशी निष्ठा ठेवली की पैसे जातात.

आम्ही तर अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतो. मग प्रोसेसर कुठला?

बोलण्यात तसं रूढ झालंय, चालतं. खरा सीपीयू म्हणजेच प्रोसेसर. तो कॅरमच्या स्ट्रायकरएवढा असतो, फक्त चौकोनी. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर, पंख्याखाली दडलेला असल्यामुळे दहा वर्षं पीसी वापरणाऱ्यानेही तो पाहिलेला नसतो. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये गेलात की त्याचं पूर्ण नाव दिसतं. येताना त्याचा फोटो काढून आणा, निम्मं काम तिथेच होतं.

या दोघांची चुरस कधीपासूनची?

दोन्ही कंपन्यांचं मूळ एकच, कॅलिफोर्नियातली फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर. तिथून बाहेर पडून रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. जेरी सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, एएमडी काढली.

एएमडीला या धंद्यात हक्काची जागा मिळाली ती आयबीएममुळे. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ मध्ये आला, त्यात इंटेलचा ८०८८ होता. पण एकाच पुरवठादारावर विसंबून राहायला आयबीएम तयार नव्हती, दुसरा हवा असा तिचा आग्रह होता. त्यामुळे १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला आणि तेच प्रोसेसर बनवायचा परवाना दिला. पुढे १९८५ मध्ये इंटेलचा ३८६ हा नवा प्रोसेसर आला तेव्हा मात्र इंटेलने तो द्यायला नकार दिला. प्रकरण लवादाकडे गेलं, मग कोर्टात गेलं, आणि १९९५ मध्ये समझोता होईपर्यंत चाललं. मधल्या काळात, १९९१ मध्ये, एएमडीने स्वतःचा ३८६ बाजारात आणलाच.

तो माझ्या खणात आहे. एका शाळेची लॅब भंगारात निघाली तेव्हा मी उचलून आणला होता. करड्या रंगाचा पातळ चौकोन, चारी बाजूंना केसासारखे बारीक पाय, वर एएमडीचं नाव आणि ४० हा आकडा. म्हणजे ४० मेगाहर्ट्झ. इंटेलचा स्वतःचा ३८६ तेहतिसापर्यंतच गेला. ज्याला नक्कल म्हणून हिणवलं जायचं, तो मूळ वस्तूपेक्षा जास्त वेगाने धावत होता. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या तळहातावर मी आधी हा ठेवते, मग बाकीचं शिकवते.

पेंटियम एका पुणेकराने बनवला, हे खरं का?

प्रोसेसर एकटा माणूस बनवत नाही, त्यामागे शेकडो इंजिनियर असतात. पण पेंटियमच्या कामाचं नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण दिल्लीचं. इंटेलचा पेंटियम १९९३ मध्ये आला. त्याला ५८६ म्हटलं नाही, कारण आकड्याला ट्रेडमार्क मिळत नव्हता आणि प्रतिस्पर्ध्यांनाही तोच आकडा वापरता आला असता.

मला धाम यांच्याबद्दल जास्त आदर वाटतो तो पुढच्या भागासाठी. इंटेल सोडून ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिथल्याच डिझाइनमधून १९९७ चा के६ निघाला, पेंटियमला स्वस्तात टक्कर देणारा. एकाच माणसाचा हात दोन्हीकडच्या गाजलेल्या प्रोसेसरांना लागलेला आहे.

एएमडी तापतो, हँग होतो, असं आमचे काका सांगतात.

काका खोटं सांगत नाहीत, ते जुनं सांगतात. २००० सालच्या आसपासच्या एएमडीच्या अ‍ॅथलॉनवर कूलर नीट बसला नसेल तर तो काही सेकंदांत जळायचा. त्याच काळातला पेंटियम ४ तापला की स्वतःहून संथ व्हायचा. पुढे २०११ पासून एएमडीची एफएक्स मालिका आली. तिच्यातला ९५९० हा तर २२० वॉटचा होता. तेव्हा मीही एएमडी देताना चार वेळा विचार करायचे.

आता परिस्थिती बदलली आहे. इंटेलचा आय९-१४९००के पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत जातो. १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे कायमचे बिघडू शकतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरचं आतलं सॉफ्टवेअर, दिला आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे यातला एखादा असेल आणि बायोस (मदरबोर्डवरचं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अजून अपडेट केलं नसेल, तर ते आधी करून घ्या. घाबरून प्रोसेसर विकू नका.

आणि इथल्या पीसी तापण्यामागे बहुतेक वेळा कंपनी नसतेच. घोडबंदर रोडच्या मशीनमधून मी धुळीच्या घड्या काढते, अक्षरशः नमद्यासारख्या, बोटाने सोलून निघणाऱ्या. वर मे महिन्यातली दमट हवा. वर्षातून एकदा डबा उघडून साफ करा, दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट बदला. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

दोन कंपन्या भांडतात, त्यात आमचा काय फायदा?

सगळ्यात मोठा फायदा तुमचाच आहे. इतर काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा.

इंटेलचा क्यू६६०० हा चार कोअरचा, म्हणजे एकात चार काम करणारे भाग असलेला, प्रोसेसर २००७ च्या सुरुवातीला आला. घरगुती मालिकेतला सगळ्यात वरचा आय७-७७००के २०१७ च्या सुरुवातीला आला. त्यात कोअर किती? चारच. दहा वर्षांत प्रत्येक कोअरचा वेग वाढला, वीज कमी लागू लागली, हे खरं. पण कोअरची संख्या हलली नाही. इंटेलचे आठ कोअर हवे असतील तर वेगळी महागडी मालिका, प्रोसेसरच हजार डॉलरच्या घरात. त्या वर्षांत एएमडी जवळजवळ बुडालेली होती. तिने आपले कारखाने २००९ मध्ये वेगळे काढले, एफएक्स चालला नाही, पैसा संपत आला. समोर कुणी नसल्यावर इंटेलला घाई कशाला असेल?

लिसा सू २०१४ मध्ये एएमडीच्या प्रमुख झाल्या आणि मार्च २०१७ मध्ये रायझन आला. आठ कोअरचा १८००एक्स ४९९ डॉलरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने सहा कोअरचा ८७००के काढला, पुढच्या वर्षी आठ कोअरचा ९९००के. दहा वर्षं जे होत नव्हतं ते दीड-दोन वर्षांत झालं.

पण म्हणून एएमडीला देव करू नका. नोव्हेंबर २०२० मध्ये रायझन ५००० आला, एएमडी पुढे गेली, आणि तिनेही भाव चढवले. सहा कोअरचा ५६००एक्स २९९ डॉलर, आधीच्या ३६००एक्सपेक्षा पन्नास डॉलरने महाग. खालच्या बजेटसाठी साधा ५६०० काढायला तिने एप्रिल २०२२ उजाडू दिला, आणि त्याआधी जानेवारीत इंटेलचा स्वस्त आय५-१२४०० बाजारात आलेला होता. जो पुढे असतो तो भाव वाढवतो, मागे पडलेला उतरवतो. कळव्याहून पोराला घेऊन येणाऱ्या बापाने वर्षभर साठवलेल्या पैशात चार कोअर येतात की सहा, हे या चढाओढीवर ठरतं. दोन्ही कंपन्या धडधाकट राहाव्यात असं मला मनापासून वाटतं, ते त्या बापासाठी.

माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेल आहे. मग उबुंटूच्या फाइलवर ‘एएमडी६४’ का लिहिलंय?

उबुंटू ही विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तीच फाइल घ्या, बरोबर चालेल. ६४ बिटवर जायची वेळ आली तेव्हा इंटेलने आयटेनियम नावाचा अगदी वेगळा मार्ग धरला. जुनं सॉफ्टवेअर त्यावर धड वेगाने चालेना. एएमडीने जुन्याच भाषेला पुढे वाढवलं, जुना प्रोग्रॅमही चालेल आणि नवाही, आणि २००३ मध्ये ऑप्टेरॉन व अ‍ॅथलॉन ६४ आणले. लोकांनी ते उचलून धरलं, मायक्रोसॉफ्टनेही. शेवटी २००४ मध्ये इंटेलने हीच पद्धत आपल्या प्रोसेसरमध्ये घेतली. आज इंटेलच्या प्रत्येक पीसीत एएमडीने वाढवलेली भाषा चालते आणि एएमडीच्या प्रत्येक पीसीत मुळातली इंटेलची. तसे परवाने दोघांनी एकमेकांना दिलेले आहेत.

इंटेलने स्पर्धा दाबायचा प्रयत्न केला होता का?

युरोपियन कमिशनने तसा ठपका ठेवून २००९ मध्ये १०६ कोटी युरोचा दंड केला होता. पीसी बनवणाऱ्यांना सवलती देऊन एएमडीला बाहेर ठेवलं, असा तो आरोप. त्याच वर्षी इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन आपसातले खटले मिटवले. मात्र सवलतींबद्दलचा युरोपचा निर्णय २०२२ मध्ये कोर्टात रद्द झाला आणि २०२४ मध्ये वरच्या कोर्टानेही ते कायम ठेवलं. थेट पैसे देऊन विक्री लांबवण्याच्या मुद्द्यावर कमिशनने २०२३ मध्ये नव्याने सुमारे ३७.६ कोटी युरोचा दंड लावला. निकाल दोन्ही बाजूंनी लागलेले आहेत, तेव्हा सांगताना अर्धीच गोष्ट सांगू नये.

विकणारा म्हणतो ‘आय७ आहे’. डोळे मिटून घेऊ का?

डोळे उघडून पुढचा आकडा वाचा. माझ्या आतेबहिणीने एका विक्रेत्याकडून ‘आय७, एकदम टॉप’ असं ऐकून सेकंडहँड पीसी घेतला. उघडून पाहिलं तर आत आय७-२६००, २०११ चा. पुढचा २ म्हणजे दुसरी पिढी. त्यापेक्षा आय३-१२१०० कितीतरी वेगवान, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे चालणारा. तिच्या आय७ वर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. भाचीची परीक्षा तोंडावर होती आणि पैसे परत मिळाले नाहीत. ते बिल मी अजून पाहते तेव्हा जीव तुटतो, कारण एक फोन केला असता तर वाचलं असतं.

आय३, आय५, आय७ ही एकाच पिढीतली उतरंड आहे. पिढी बदलली की ती उतरंडही बदलते.

एएमडीच्या लॅपटॉपचे आकडे तरी सरळ आहेत का?

नाहीत. रायझन ५ ७५२०यू घ्या. पहिला ७ बघून नवा वाटतो, पण आतलं डिझाइन सांगतो तिसरा आकडा, २, म्हणजे झेन २, जे २०१९ चं. इंटेलनेही २०२४ मध्ये कोअर ५ १२०यू सारखी नवी नावं देऊन आत आधीच्या पिढीचं डिझाइन ठेवलं. दोघांनीही हे करायला नको होतं. लॅपटॉप घेण्याआधी मॉडेलचं पूर्ण नाव मला पाठवा, मी बघून सांगते. त्याचे पैसे घेत नाही.

सगळं नवं जोडलं, पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी. प्रोसेसर खराब आहे का?

आधी अक्षर बघा. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जुन्या खाचेच्या, मालिकेत उलट आहे, ग्राफिक्स हवं तर ‘जी’ लागतो: ५६००जी वर स्क्रीन येते, नुसत्या ५६०० वर ग्राफिक्स कार्डाशिवाय येत नाही. रायझन ७००० पासूनच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत कामचलाऊ ग्राफिक्स आहे. वागळे इस्टेटमधला एक मुलगा हजार-पंधराशे वाचवायला एफ घेऊन आला होता आणि दोन रात्री रॅम काढून घालत बसला होता.

टॅली, डीटीपी, व्हिडिओ एडिटिंग, गेमिंग यांना काय?

टॅली आणि डीटीपी दोन्हींवर सारखंच. उरलेले पैसे एसएसडी आणि रॅमवर घाला. लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्यांना मी बहुधा ग्राफिक्सवाला इंटेल सुचवते, त्याचं क्विकसिंक कॅमेऱ्याच्या फाइली सफाईने उलगडतं. निव्वळ गेमिंगसाठी एएमडीचे ‘एक्स३डी’ प्रोसेसर, आतल्या जादा कॅशमुळे, म्हणजे प्रोसेसरमधल्याच वेगवान मेमरीमुळे. त्यातला पहिला ५८००एक्स३डी २०२२ चा, आणि अजूनही भल्याभल्यांना ऐकत नाही.

पुढे प्रोसेसर बदलायचा झाला तर मदरबोर्ड तोच चालेल का?

इथे एएमडीचं पारडं जड आहे. माझ्या स्वतःच्या टेबलावरचा बोर्ड २०१७ चा बी३५०. त्यावर आधी रायझन ५ १६०० होता, आज ५७००एक्स३डी आहे. बोर्ड, रॅम, डबा तेच. त्याच काळात इंटेलने सॉकेटचं नाव ११५१ तेच ठेवून आठव्या पिढीला नवा बोर्ड सक्तीचा केला, आणि पुढे १२००, १७००, १८५१ असे सॉकेट बदलत गेले.

घरी बदलणार असाल तर क्रम पाळा. आधी जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करा, यूपीएसवर; मध्येच वीज गेली तर बोर्डच अडकतो. मग पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, बंद करा, प्लग काढा. एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका. वाळलेली पेस्ट प्रोसेसरला धरून ठेवते आणि तो लॉक असतानाही सॉकेटमधून उपटून कूलरबरोबर वर येतो, खालचे पाय वाकतात. कूलर डावीकडे-उजवीकडे अलगद फिरवा. पेस्ट सुटली की हाताला कळतं, एक मऊ ‘चप्प’ असा आवाज येतो. मगच उचला. पाय वाकलेच तर ओळीत जुनं एटीएम कार्ड घालून, उजेडात, श्वास धरून सरळ करायचे. इंटेलमध्ये आणि एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटमध्ये पाय मदरबोर्डवर असतात, ते वाकले तर घरी हात लावू नका.

ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये कोणाचे प्रोसेसर असतात?

दोघांचेही: इंटेलचे झिऑन, एएमडीचे एपिक. पहिला एपिक २०१७ मध्ये आला तेव्हा सर्व्हरमध्ये एएमडीचा वाटा नगण्य होता, आज जगभरात चौथ्या हिश्श्याहून जास्त वाटा तिचा आहे. २०२४ मध्ये झिऑन १४४ कोअरपर्यंत गेला, एपिक १९२ पर्यंत. तिथे खरा हिशेब विजेचा आणि थंडाव्याचा असतो. एका सर्व्हरमध्ये दोन-तीन जुन्या सर्व्हरचं काम बसलं की जागा वाचते आणि एसीचं बिलही.

ऍपल आणि स्नॅपड्रॅगनचे लॅपटॉप या दोघांना संपवतील का?

संपवणार नाहीत, पण घाबरवलं आहे. ऍपलने २०२० मध्ये एम१ आणून इंटेलला निरोप दिला, आणि २०२४ मध्ये स्नॅपड्रॅगन एक्सचे विंडोज लॅपटॉप आले. बॅटरी खरोखर छान टिकते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इंटेल आणि एएमडीने आपली भाषा टिकवायला एकत्र सल्लागार गट काढला, हे ऐकून मी दुकानात खुर्चीतून उठले होते. सीए आणि वकिलांनी मात्र स्नॅपड्रॅगन घेण्याआधी आपल्या डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा आणि प्रिंटरचा ड्रायव्हर एआरएमसाठी, म्हणजे स्नॅपड्रॅगनच्या वेगळ्या भाषेसाठी, निघाला आहे का, ते बघावं.

भारतीय प्रोसेसर कधी?

आहेत, पण घरच्या पीसीसाठी नाहीत. सी-डॅकचे वेगा, आयआयटी मद्रासचा शक्ती, आणि रॉकेटसाठी इस्रोने मोहालीच्या कारखान्यात बनवलेला विक्रम ३२०१. पुण्यात विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला तेव्हा त्यातले प्रोसेसर परदेशीच होते, जोडणी आणि डोकं आपलं. घरच्या पीसीला लागतो तेवढा बारीक प्रोसेसर छापणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. एएमडी तैवानच्या टीएसएमसीकडून करून घेते, आणि आता इंटेलही काही भाग तिथूनच घेते.

लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळतो म्हणतात. जाऊ का?

जरूर जा. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. ‘बॉक्स’ की ‘ट्रे’ एवढं विचारा. ट्रे म्हणजे खोक्याविना सुटा माल; खोक्यातल्या मालाला मिळते ती कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी त्याला मिळेल असं धरून चालू नका. जीएसटीचं बिल घ्या आणि खोक्यावरचा सिरियल नंबर प्रोसेसरवरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा.

दिवाळीपर्यंत थांबू का?

काम अडलं असेल तर थांबू नका. अडलं नसेल तर नव्या मालिकेनंतर महिनाभर थांबा, आधीची मालिका तेव्हा उतरते.

पावसात डबा दुरुस्तीला कसा आणू?

रिक्षात मांडीवर आडवा ठेवून, मदरबोर्ड खाली आणि कूलरचं तोंड वर येईल असा. उभा आणलात तर ‘तीन पेट्रोल पंप’ भागातल्या खड्ड्यांत जड कूलर बोर्डाला हिसके देत राहतो. प्लास्टिकची पिशवी दोनदा गुंडाळा, वायरी घरीच ठेवा, त्या माझ्याकडे आहेत. आणि भिजलाच तर प्लगला लावून ‘चालतोय का’ बघू नका, तसाच घेऊन या.